पंचवटीचा मार्गनिर्देश : दंडकारण्यातील वाटा आणि नाशिकचा परिसर

अरण्यात प्रथमच पाऊल टाकणाऱ्यास वाट सांगणे हे गावात वाट सांगण्याहून सर्वस्वी निराळे काम होय. गावात चौक असतो, देऊळ असते, कोणाचे तरी घर असते. चुकल्यास पुन्हा विचारण्याची सोय असते. अरण्यात या तिन्ही गोष्टी नसतात. म्हणून वाट सांगणाऱ्यास आरंभीच सर्व सांगून टाकावे लागते, आणि ऐकणाऱ्याने पूर्वी कधीही न पाहिलेल्या खुणा त्यास दृष्टीस पडताच ओळखू याव्यात अशा रीतीने सांगावे लागते. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात अशा मार्गनिर्देशाचे दोन उत्तम नमुने आढळतात. पहिला सुतीक्ष्णाने रामास अगस्त्याश्रमाकडे जाण्यासाठी केलेला. दुसरा अगस्त्याने पंचवटीकडे जाण्यासाठी केलेला. त्यांतील दुसऱ्याचा शेवट परंपरेने नाशिकात होतो. त्यामुळे या निर्देशांचा विचार केवळ काव्यदृष्ट्या करून भागत नाही. ते भूमीवर कितपत उतरतात, आणि उतरत नसतील तर त्यावरून काय अनुमान काढणे युक्त ठरेल, हे दोन प्रश्न स्थलनिश्चितीच्या अभ्यासकास टाळता येत नाहीत.

प्रचलित पाठाच्या अकराव्या सर्गात दंडकारण्यातील निरनिराळ्या आश्रमांत दहा वर्षे घालवून राम सुतीक्ष्णाकडे परत येतो आणि अगस्त्याचा आश्रम या विस्तीर्ण वनात नेमका कोठे आहे हे आपणास ठाऊक नाही असे स्पष्टपणे सांगतो. दहा वर्षे वनात राहिलेल्या माणसासही हे विचारावे लागते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अरण्याचे ज्ञान हे सरसकट नसते. ते वाटेवाटेचे असते. सुतीक्ष्णाचे उत्तर नेटके आहे. येथून दक्षिणेस चार योजने गेल्यावर अगस्त्याच्या बंधूचा आश्रम लागेल. तो सपाट भूमीवर, पिंपळीच्या वनाने शोभणारा, फळाफुलांनी भरलेला. जवळ कमळांची सरोवरे व त्यांत हंस, कारंडव, चक्रवाक हे पक्षी. तेथे एक रात्र राहावे, पहाटे निघून वनखंडाच्या कडेने पुन्हा दक्षिणेस एक योजन जावे, म्हणजे अगस्त्याश्रम येईल.

या निर्देशाचे घटक वेगळे करून पाहिल्यास त्यात दिशा आहे, अंतर आहे, मुक्कामाची जागा आहे, आणि ती जागा ओळखण्याची खूण आहे. यांखेरीज प्रवाशास आणखी काय हवे असते? परंतु खरी मौज पुढे आहे. वाटेवर राम लक्ष्मणास त्या खुणा पटवून देऊ लागतो, तेव्हा सुतीक्ष्णाने सांगितलेली पिंपळी त्यास प्रथम दिसत नाही, तिचा वास येतो. पिकलेल्या पिंपळीचा तिखट दर्प वाऱ्याबरोबर येतो. मग रचून ठेवलेले लाकडांचे भारे दिसतात, कापलेले दर्भ दिसतात, आणि वनाच्या मध्यभागी आश्रमाच्या अग्नीचा काळ्या मेघशिखरासारखा धूर दिसतो. म्हणजे सांगणाऱ्याने दिलेल्या खुणांत चालणारा आपल्या खुणांची भर घालतो. तोडलेले लाकूड व धूर या मनुष्याच्या वस्तीच्या खुणा आहेत, आणि अनोळखी रानात त्यांचेच महत्त्व सर्वांत अधिक. आजही डोंगरातून पाड्याकडे उतरणारा वाटसरू प्रथम धूरच शोधतो.

तेराव्या सर्गातील अगस्त्याचा निर्देश याहून आटोपशीर आहे. पंचवटी येथून दोन योजनांवर आहे, तेथे कंदमुळे, फळे व पाणी मुबलक, हरिणेही पुष्कळ, गोदावरी जवळच. समोर जे मोहाचे मोठे वन दिसते त्याच्या उत्तरेने जावे आणि वटवृक्षाचा रोख धरावा. तेथून उंच सपाटीवर चढल्यावर, पर्वतापासून फार दूर नसलेले, सदा फुललेले असे ते प्रसिद्ध स्थान लागेल. येथे अंतर एकदाच सांगितले आहे. उरलेला सर्व निर्देश दृष्टीच्या टप्प्यांवर बेतलेला आहे. मोहाचे वन उभ्या जागेवरून दिसते. वनाच्या उत्तरेस गेल्यावर वड दिसावयाचा. वडापाशी पोहोचल्यावर चढ व डोंगर. एक खूण संपते तेथे दुसरी सुरू होते. रानातील वाट सांगणारे जाणते लोक अजूनही असेच सांगतात. ‘इतके कोस’ हे शब्द त्यांच्या तोंडी येतात ते अंदाजासाठी. खरा भरवसा खिंड, ओहळ, एकटे झाड आणि डोंगराची सोंड यांवरच असतो.

आता या खुणांची टिकाऊपणाच्या दृष्टीने प्रतवारी लावली तर काय दिसते? मोहाचे वन व वड ह्या नाशिवंत खुणा. उंच सपाटी व पर्वत ह्या चिरस्थायी. नदी या दोहोंच्या मधली. ती राहते, पण पात्र बदलते. हा भेद भवभूतीने फार मार्मिकपणे ओळखला होता. उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकात राम पुष्कळ वर्षांनी पुन्हा जनस्थानात येतो, तेव्हा पूर्वी जेथे प्रवाह होते तेथे वाळवंट झालेले, आणि झाडांची दाटी व विरळपणा यांची अदलाबदल झालेली त्यास दिसते. हे तेच वन होय असा विश्वास त्यास केवळ डोंगर जागच्या जागी असल्यामुळे वाटतो. भवभूतीने हे करुणरसाच्या परिपोषासाठी लिहिले हे खरे. तथापि स्थलनिश्चितीच्या शास्त्रातील एक मूलभूत नियमच त्यात येऊन गेला आहे. झाडांवरून स्थल ठरवू पाहणाऱ्याने तो विसरू नये.

नाशिकच्या पंचवटीत सीतागुंफेजवळ आजही वड दाखविले जातात. ते त्या काळचे नव्हेत, हे सांगावयास नको. शिवाय ‘पंचवटी’ या शब्दाचा अर्थ पाच वड असाच घेतला पाहिजे असेही नाही. अश्वत्थ, बिल्व, वट, आमलकी व अशोक या पाच वृक्षांची ती पंचवटी, असे स्पष्टीकरण संस्कृत परंपरेत आढळते. पंधराव्या सर्गातील वृक्षांची यादी पाहावी तर तीत शाल, ताल, तमाल, खर्जूर, पनस, आम्र, अशोक, केतकी, चंपक, चंदन, धव, खदिर, शमी, पलाश अशी नावांची गर्दी आहे. यांपैकी धावडा, खैर, शमी, पळस हे नाशिकच्या कोरड्या रानात सहज सापडतात. परंतु शाल म्हणजे साल वृक्ष सह्याद्रीत स्वाभाविकपणे वाढत नाही, तो पूर्वेकडे बस्तरच्या बाजूस विपुल आहे. यावरून पंचवटी पूर्वेकडे न्यावी काय? तसे करणे घाईचे होईल. वनवर्णनात वृक्षांची माळ ओवण्याचा काव्यसंकेत होता आणि त्या माळेत प्रत्येक झाड त्या भूमीवर असलेच पाहिजे अशी कवीची अट नव्हती. जी यादी नाशिकच्या बाजूने पुरावा म्हणून चालत नाही ती नाशिकच्या विरुद्धही चालू नये.

अंतराचा पुरावा अधिक कसोशीने तपासता येतो. योजनाचे मान निश्चित नाही. निरनिराळ्या गणनांनी ते सुमारे ७ ते १४ किलोमीटर येते. म्हणजे अगस्त्याश्रमापासून पंचवटी १४ ते २८ किलोमीटर आणि सुतीक्ष्णाश्रमापासून एकंदर सात योजने, म्हणजे ५० ते १०० किलोमीटर. नाशिकच्या परिसरात अगस्त्याशी निगडित अशी दोन स्थाने लोकमान्य आहेत. एक अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी अकोले येथे, दुसरे मनमाडजवळ अंकाईच्या किल्ल्यावर. अकोल्याहून नाशिककडे येणाऱ्यास उत्तरेकडेच यावे लागते, हे त्या निर्देशाशी जुळण्यासारखे आहे. परंतु अंतर सरळ रेषेतही ५० किलोमीटरांहून अधिक भरते, आणि योजनाचे मान कितीही ताणले तरी ते दोन योजनांत बसत नाही. अंकाई तर याहूनही दूर, ईशान्येस आहे. तेथून नाशिकला येणाऱ्यास नैर्ऋत्य धरावी लागते. तेव्हा परंपरेतील पंचवटी आणि परंपरेतील अगस्त्याश्रम ही दोन्ही एकाच वेळी खरी धरल्यास रामायणातील अंतर खोटे ठरते. अंतर खरे धरल्यास दोहोंपैकी एक स्थान सोडावे लागते. हा पेच स्थानिक माहात्म्यलेखकांनी कधी फारसा मनावर घेतला नाही, आणि त्यात नवल नाही. त्यांचे काम वेगळे होते.

नाशिकखेरीज अन्य पक्षही आहेत. तेलंगणात भद्राचलमजवळ गोदावरीच्याच काठी पर्णशाला नावाचे स्थान असून तेथेही सीताहरणाची कथा भूमीवर दाखविली जाते. पार्गिटर यांनी १८९४ साली रामाच्या वनवासाच्या भूगोलावर जो प्रसिद्ध लेख लिहिला त्यात त्यांनी जनस्थान गोदावरीच्या मधल्या टप्प्याकडे, प्राणहितेच्या संगमाच्या बाजूस ओढले. आज ‘दंडकारण्य’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बस्तर, कोरापूट, गडचिरोली हाच प्रदेश येतो. १९५८ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पाने ते नाव तेथे अधिकच पक्के केले. प्राचीन दंडक मात्र याहून पुष्कळ व्यापक होते. त्यामुळे दोन पक्षांपैकी एक खरा म्हणून दुसऱ्यास दंडकाबाहेर काढण्याचे कारण नाही.

पुरातत्त्वाने या वादात हात घातला तो संयमाने. डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनी १९५०–५१ साली नाशिकच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले आणि जोर्व्याच्या उत्खननासह त्याचा वृत्तान्त १९५५ साली प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाणयुगापासून मराठेशाहीपर्यंतच्या वस्तीचे थर तेथे मिळाले. येथील वस्ती फार जुनी आहे एवढे त्यावरून सिद्ध होते. राम येथे राहिला किंवा राहिला नाही, यांपैकी काहीही खापरांवरून सिद्ध होत नाही, आणि उत्खननकर्त्यांनी तसा आग्रहही धरला नाही. पांडवलेण्यांतील एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन राजा कृष्ण याच्या काळी नाशिकच्या श्रमण-महामात्राने ते कोरविल्याचा उल्लेख आहे. म्हणजे नगराचे नाव तरी दोन हजार वर्षांहून अधिक काळ तेच आहे. शूर्पणखेच्या नाकावरून ते पडले की नऊ शिखरांवरून, हा वाद व्युत्पत्तीच्या हौशी अभ्यासकांवर सोपविलेला बरा. मात्र पंधराव्या सर्गात पंचवटीभोवतालच्या डोंगरांत अनेक गुहा असल्याचे म्हटले आहे, त्याच ह्या लेण्या असे जे कधी कधी सांगण्यात येते ते सर्वथा अग्राह्य होय. ह्या लेण्या मनुष्यांनी, ज्ञात राजांच्या काळी, भिक्षूंच्या निवासासाठी कोरल्या आहेत.

याच लेण्यांत अरण्यमार्गाच्या अभ्यासकास रामायणाइतकाच उपयोगी असा एक लेख आहे, आणि त्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. दहाव्या लेण्यातील नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात त्याच्या दानांची गणना आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने उतारूंसाठी विनामूल्य नावा ठेवल्या, आणि नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा म्हणजे विसाव्याच्या जागा व पाणपोया बांधल्या. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे त्याने धर्मशाळाही उभारल्या. यांतील पारदा ही आजची पार, दमणा ही दमणगंगा. या दोन्ही नद्या नाशिक जिल्ह्याच्या सह्याद्रीत उगम पावतात आणि पश्चिमेच्या दाट रानातून अरबी समुद्रास मिळतात. गोवर्धन हे गाव नाशिकच्या पश्चिमेस आजही त्याच नावाने आहे. म्हणजे शूर्पारक व भरुकच्छ ही बंदरे आणि गोवर्धन यांच्या दरम्यान जो वनप्रदेश होता त्यातून प्रवास करणाऱ्यास सर्वांत मोठी अडचण कोठे येत असे, ते हा लेख नेमके सांगतो. ती अडचण श्वापदे किंवा राक्षस नव्हती; नदी कोठे उतरावी ही होती. ऋषीने वाट तोंडी सांगितली. क्षत्रपाच्या जावयाने ती नावा व पाणपोया यांनी आखली. अनोळखी वाटसरूच्या दृष्टीने दुसरी रीत अधिक भरवशाची, एवढे कबूल केले पाहिजे.

पुढील काळात मार्गनिर्देशाचे स्वरूप पालटले. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्य हे त्र्यंबकापासून समुद्रापर्यंतच्या गोदातीर्थांचे विस्तृत वर्णन. त्यात तीर्थाचे नाव, कथा व स्नानफल यांवर भर आहे. तेथे कसे पोहोचावे हे गृहीतच धरलेले दिसते, कारण नदी हाच रस्ता. याच्या उलट महानुभावांची स्थानपोथी. चक्रधरस्वामींचे जेथे जेथे वास्तव्य झाले त्या स्थानांची नोंद करताना गावाच्या कोणत्या दिशेस, नदीच्या कोणत्या थडीस, देवळाचे दार कोणीकडे, हे तपशील तीत कोरडेपणाने व काळजीपूर्वक दिले आहेत. भाविकाने प्रथमच जावे आणि जागा चुकू नये, हा तिचा हेतू उघड आहे. मराठीतील प्रवासदर्शक वाङ्मयाचा उगम शोधणाऱ्याने इंग्रजी अमदानीतील पुस्तकांकडे धाव घेण्यापूर्वी ही पोथी चाळावी.

वाटा ठाऊक असण्याला राजकीय किंमतही होती. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची व दाऊदखानाची गाठ वणी-दिंडोरीच्या रणात पडली, ती कांचनबारीच्या परिसरात. ‘बारी’ हा या भागातील खिंडीचा शब्द. बारी ज्याच्या हाती त्याच्या हाती बागलाण व गंगथडी यांमधील दळणवळण. पुढे डांगच्या भिल्ल राजांकडून १८४२ साली इंग्रजांनी सागवानासाठी जंगलाचा मक्ता घेतला, तेव्हा या रानात प्रथमच लाकूड बाहेर काढण्यासाठी वाटा रुंद होऊ लागल्या. आजवर लोकांच्या पायांनी पडलेल्या वाटा आता ओंडक्यांच्या सोयीने पडू लागल्या, आणि आजचे पुष्कळ रस्ते त्यांच्याच मागावर आहेत.

आता नाशिकास प्रथमच येणाऱ्या विद्यार्थ्याने या सर्व ज्ञानाचा उपयोग कसा करावा? रामकुंडापासून आरंभ करणे स्वाभाविक आहे. डाव्या काठाने चढून वर आल्यावर काळाराम मंदिर व जवळच सीतागुंफा लागते. हा चढ पायांनी चढावा, म्हणजे ‘उंच सपाटी’ या शब्दाचा अर्थ कळतो. मात्र जवळचा पर्वत येथे सापडत नाही. उत्तरेस चांभारलेणी व रामशेज, दक्षिणेस त्रिरश्मी, यांपैकी प्रत्येक डोंगर काही कोस दूर आहे. काळारामाच्या दाराशी आणखी एक गोष्ट आठवावयास हवी. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालूनही दार उघडले नाही. ज्या पंचवटीचा मार्ग अगस्त्याने एका वनवाशास मोकळेपणाने सांगितला, तेथपर्यंत येऊनही उंबऱ्याबाहेर थांबावे लागणारे लोक होते. तीर्थाच्या कोणत्याही माहात्म्यात त्यांच्यासाठी मार्गनिर्देश नाही.

तेथून पूर्वेस नदीच्या प्रवाहाबरोबर गेल्यावर कपिला-संगमाजवळ तपोवन. नावात वन आहे आणि काही प्रमाणात झाडेही आहेत. २०२५ च्या अखेरीस, २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारण्याच्या निमित्ताने येथील झाडे मोठ्या संख्येने तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि नाशिककरांनी त्यास जोरदार विरोध केला. सिंहस्थासाठी येणारे लाखो लोक ज्या पंचवटीच्या व तपोवनाच्या नावाने येतात त्या नावांतील वट व वन यांचे काय करावयाचे, असा हा प्रश्न होता. तो केवळ भावनेचा नव्हे. वर म्हटल्याप्रमाणे झाड ही नाशिवंत खूण आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या नव्याने लावली गेली म्हणूनच येथवर टिकली.

दंडकारण्य म्हणून जे काही उरले आहे ते पाहावयाचे तर मात्र पंचवटी सोडून पश्चिमेकडे निघाले पाहिजे. त्यासाठी तीन वाटा सोयीच्या. पहिली त्र्यंबकची : वाटेत अंजनेरी, जेथील कंदीलपुष्प वर्गातील एक वनस्पती अंजनेरीच्याच नावाने शास्त्रात नोंदली गेली आहे, पुढे ब्रह्मगिरी व गोदावरीचा उगम. दुसरी दिंडोरी-वणीवरून सापुताऱ्याची : ही सप्तशृंगाच्या पायथ्याजवळून डांगात उतरते. डांग १९६० पासून गुजरातेत आहे. तेथे सुबीरजवळ शबरीचे स्थान दाखवितात. दक्षिणेस, इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे जटायूचे स्थान दाखवितात. रामकथेचे हे स्थानिक जाळे ग्रंथातील क्रमाशी जुळवू पाहणाऱ्याच्या हाती निराशा येईल. डोंगर-पाण्याच्या जागांशी जुळवून पाहिल्यास मात्र ते बरेच बोलके आहे.

तिसरी वाट पेठची, आणि अभ्यासकाने एकच निवडावयाची तर ही निवडावी. सावळघाटापर्यंत पठार आहे. घाट उतरताच पाण्याची दिशा बदलते. मागे राहिलेले पाणी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराकडे, पुढचे दमणगंगेवाटे अरबी समुद्राकडे. पाऊसही पालटतो. नाशिक शहरात वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास असता घाटमाथ्यावरील इगतपुरीत ती तीन हजारांवर जाते, आणि पेठ-सुरगाण्याचा प्रदेश याच ओल्या पट्ट्यातला. साग, ऐन, धावडा, बांबू आणि मोह यांचे रान येथून लागते. कोकणा, वारली, महादेव कोळी यांचे पाडे त्यात विखुरलेले आहेत. पावसाळ्यात ओहळ एकाएकी भरतात, म्हणून प्रथम जाणाऱ्याने पाऊस ओसरल्यावर, कार्तिकापासून पुढे जावे. फाल्गुन-चैत्रात गेल्यास मोहाची फुले पहाटे झाडाखाली गळलेली असतात आणि ती वेचावयास स्त्रिया व मुले उजाडण्यापूर्वीच निघालेली असतात. कोणते झाड कोणाच्या घराचे, हे त्यांस ठाऊक असते. आणि पाड्याची वाट विचारली असता त्यांतलेच एखादे झाड खूण म्हणून सांगितले जाण्याचा संभव अधिक.